आत्याला काढा

नर्मदेकडच्या हिंदी मुलखातल्या गढा वस्तीत सुखदाच्या रागाची ख्याती आहे. तिच्या पिशवीत किडकं वांगं घालायची भाजीवाल्याची छाती होत नाही, आणि गल्लीभर स्कूटरी आडव्यातिडव्या लावणारे तिच्या दारापुढे मात्र सरळ लावतात. पण तिचा खरा राग बघायचा असेल तर एखादा जुना फोटो घेऊन तिच्याकडे जावं आणि म्हणावं, "दीदी, जरा गोरा कर दीजिए."

सुखदा चित्रं काढते. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. मांडीवर पाटीएवढी काळी टॅबलेट, हातात पेन, समोर पडदा. लोक फाटके, बुरशी धरलेले फोटो आणतात आणि त्यावरून ती रंगीत चित्र करून देते. कोणाची पणजी, कोणाचा बाप, कोणाची बाळंतपणात गेलेली आई. गोरं करून मागणाऱ्याकडे ती चष्म्यावरून बघते. "काहून? आता त्यांचं लग्न लावायचं आहे का?" गिऱ्हाईक गेलं तर गेलं. नवरा, केतन, फॅक्टरीतून आला की चपला काढता काढता विचारतो, "आज कोणाला पळवलं?"

हा धंदा तिला वडिलांकडून आला आणि रागही त्यांच्याकडूनच. रामराव गढ्याच्या बाजारात पाट्या रंगवायचे. दुकानांची नावं, ट्रकांचे नंबर, निवडणुकीतल्या भिंती. दवाखान्यातून टाकून दिलेले एक्स-रे ते घेऊन यायचे, कोणाच्या बरगड्या, कोणाचा गुडघा, आणि त्यांत ब्लेडनं अक्षरं कापून साचे करायचे. कापलेल्या जागेतून रंग खाली उतरायचा, बाकीच्या जागी अडायचा. दुकानाचा हातबदल झाला तरी पाटीवरचं जुनं नाव ते खरवडत नसत, वरून रंगाचा हात देत. "खरवडलं की गेलं, सुखदे. झाकलेलं कसं, उद्या लागलं तं सापडते."

बापाचं ऐकलं नाही म्हणून सुरुवातीला तिनं एकदा चांगलीच ठेच खाल्ली. शहपुऱ्याहून एक शेतकरी वडिलांचा फोटो घेऊन आला होता. म्हाताऱ्याच्या नाकाशेजारी एक काळा ठिपका. फोटोवरची घाण समजून हिनं तो इरेझरनं पुसला, वरून कातडी सारखी केली आणि फाइल बंद केली. शेतकऱ्यानं चित्र बघितलं, बायकोला दाखवलं, आणि हात जोडून म्हणाला, "बहुत अच्छा है दीदी, पर ये हमारे बाबू नहीं हैं." तो मस होता, जन्माची खूण. पुसलेला मस परत कुठून आणणार? सगळा चेहरा पुन्हा रंगवावा लागला.

त्यानंतर ती मास्क शिकली. कॉम्प्युटरवरचं चित्र थरावर थर रचून होतं; मास्क म्हणजे त्यातल्या एकेका थरावर एक न दिसणारा पडदा बसवायचा. पडद्यावर पांढरा रंग फासला की तो थर दिसतो, काळा फासला की झाकला जातो, राखाडी फासला की अर्धामुर्धा दिसतो. थराला स्वतःला ओरखडासुद्धा येत नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती एकटीच हसली होती. हा तर बाबांचा एक्स-रे. तेव्हापासून रविवारी तिच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी एकच दम असतो: इरेझरला हात लावाल तर घरी पाठवीन. त्या पोरींमध्ये ओळखीतल्या भय्यासाहेबांची मुलगी चिन्मयी होती. नोकरीला इंदूरला जाईपर्यंत ती नेमानं यायची.

तर यंदा त्याच चिन्मयीच्या आईनं, विनतावहिनींनी, सुखदाला काम दिलं. चिन्मयीला नागपूरचं स्थळ आलं होतं. मुलाकडचे लोक बोलणी पक्की करायला येणार, आणि त्या वेळी दिवाणखान्यात सगळ्या कुटुंबाचं एक छानसं चित्र दिसावं अशी वहिनींची हौस. ग्वारीघाटावर पूजेला गेले होते तेव्हाचा एक फोटो त्यांनी मोबाइलवर धाडला. मधोमध भय्यासाहेब, शेजारी पूजेचं ताट दोन्ही हातांत धरलेल्या वहिनी, पुढे चिन्मयी. आणि अगदी डाव्या कडेला, पदरानं अर्धा गाल झाकून, मान वळवून उभी राहिलेली बेबी आत्या. तिचा एक हात तेवढा चिन्मयीच्या खांद्यावर. फोटोखाली वहिनींचा आवाजातला निरोप होता: "सुखदाताई, डावीकडे बेबीताई आहेत नं, त्यांना जरा सफाईनं काढा. घाई करू नका. आणि मागं नर्मदामैया नीट दिसू द्या."

सुखदानं निरोप ऐकला आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, भय्यासाहेबांच्या घराबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. बेबी आत्या म्हणजे भय्यासाहेबांची थोरली बहीण. साठी उलटली तरी सगळ्या गढ्याची बेबी. लग्नाच्या वयात ओठाशी एक पांढरा ठिपका उठला, मग पापणीवर, मग हातांवर. कोड. मुलं बघायला यायची ती बंद झाली. आत्या फॅक्टरीत कामाला लागली, धाकट्या भावाला शिकवलं, ऑफिसर केलं. विनतावहिनी शाळेत शिकवायला जायच्या तेव्हा चिन्मयी हिच्याच कडेवर. चालायला शिकली ती हिचं बोट धरून. पुढे भावानं नेपियर टाउनला घर बांधलं आणि बहीण गढ्यातल्या दोन खोल्यांत राहिली. गरज सरो वैद्य मरो, हे सुखदा उघड म्हणायची. म्हणून तो निरोप ऐकून तिला वाटलं, चला, उशिरा का होईना, या लोकांना लाज वाटली. फोटोत अर्धी झाकलेली बाई नीट काढा म्हणून सांगून राहिले आहेत.

फोटोत चेहराच पुरता नव्हता, तेव्हा ती दोन गल्ल्या ओलांडून आत्याकडेच गेली.

"मला काढा म्हणाली विनता?" आत्यानं विचारलं. हातातलं निवडायचं ताट तिनं खाली ठेवलं. "खरंच?"

"खरंच. सफाईनं काढा, घाई करू नका म्हणाल्या."

आत्या उठली. आत जाऊन लुगडं बदलून आली, जांभळं, काठाचं. खिडकीशी बसली, आणि सवयीनं पदर गालावर ओढला. मग विचारलं, "डाग काढशील का?"

"काढीन की. जसे आहेत तसे."

आत्यानं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग पदर सोडला, खांद्यावर घेतला. सुखदा तिला लहानपणापासून ओळखत होती, पण तो चेहरा सगळा असा उजेडात तिनं पहिल्यांदाच बघितला. डाव्या पापणीपासून गालाच्या हाडापर्यंत गोरीगुलाबी कातडी, ओठाच्या कोपऱ्याशी पुन्हा तशीच, मध्ये सावळा रंग. सुखदानं फोटो घेतले, पेन्सिलीनं दोन आराखडे केले. उठताना आत्या म्हणाली, "माझा एकटीचा फोटो फॅक्टरीच्या पासावर होता. त्यातही मान वळवली म्हणून साहेब ओरडला होता."

त्या चेहऱ्यावर सुखदानं जीव ओतला. खाली सावळा थर, वर गुलाबी थर, त्या गुलाबीवर काळा मास्क, आणि मग बारीक पांढऱ्या ब्रशनं त्या मास्कमधून एकेक डाग उघडत गेली. कडा कुठे ठळक, कुठे विरघळत जाणारी. जास्त उघडला तर काळ्यानं पुन्हा झाकायचा, पुन्हा उघडायचा. केतन मागे येऊन उभा राहिला. त्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, "आत्या आता बोलतील असं वाटते." सुखदानं त्याला चहा करून दिला.

दोन दिवसांनी विनतावहिनी चित्र बघायला आल्या. पडद्यासमोर बसल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे सुखदाताई?"

"काय?"

"बेबीताई."

"त्याच आहेत."

"मी तुम्हाला काढा म्हटलं होतं."

"काढलं की."

"अहो, काढा म्हणजे काढा. हटा दीजिए. चित्रातून बाहेर काढा."

सुखदाच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पेन खाली ठेवलं, कारण हातात असतं तर मोडलं असतं. जन्मभर जो शब्द वापरून पोट भरलं, त्यानंच असा दगा द्यावा? चित्र काढतात, काटा काढतात. वहिनींच्या लेखी बेबी आत्या हा काटा होता.

"काहून काढायचं त्यांना?" तिनं शक्य तितक्या हळू विचारलं.

"समजून घ्या नं जरा. नागपूरचे लोक शनिवारी येऊन राहिले. घराण्यात कोड आहे दिसलं तर चहाला न थांबता उठतील. मागचं स्थळ असंच गेलं."

"वहिनी, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता."

"मला माहीत आहे हो कोड लागत नाही. लोकांना कुठे माहीत आहे? तुम्हाला मुलगी नाही, तुम्हाला नाही कळायचं."

हे शेवटचं वाक्य सुखदाला लागलं. पण ते तिनं बाजूला ठेवलं, कारण त्याहून मोठी गोष्ट तिला आता उमगून राहिली होती. ती स्वतःच्या पायांनी जाऊन आत्याला सांगून आली होती, तुम्हाला काढायला सांगितलंय म्हणून. आत्यानं जांभळं लुगडं नेसलं होतं.

"भय्यासाहेबांना हे ठाऊक आहे?"

"त्यांना कशाला त्रास? ते म्हणाले, तुला बरं वाटेल तसं कर."

म्हणजे ठाऊक होतं. ज्या बहिणीच्या पगारावर शिकला, तिच्या वेळी हा गृहस्थ मूग गिळून बसला. सुखदा उठून उभी राहिली. "मी नाही काढणार. म्हणजे, जे काढलंय ते नाही काढणार." रागात आपलं वाक्य काय होऊन बसलं हे तिच्या ध्यानात आलं, त्यानं ती आणखी चिडली. "दुसरं कोणी बघा. फुकट करून देणारे पुष्कळ आहेत, एका झटक्यात माणूस उडवतात."

वहिनींचे डोळे भरून आले. वाईट बाई नव्हत्या त्या, घाबरलेल्या होत्या. पण घाबरलेली माणसं दुसऱ्याला किती सहज कडेला लावतात, हे बघून सुखदाला दया येण्याऐवजी संतापच आला. जाताना वहिनी म्हणाल्या, "मी बेबीताईंनाच पाठवते. त्याच सांगतील तुम्हाला."

आणि खरंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या दारात उभी. गालावर पदर.

"सुखदा, मला काढ."

"काढलंय आत्या."

"तसं नाही गं. विनता म्हणते तसं."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो नं," आत्या खुर्चीवर टेकत म्हणाली. "रागाचं काय लोणचं घालू? पोरगी माझी आहे. माझ्या तोंडानं तिचं काही बिघडायला नको. मला एकदा दाखव फक्त, मग काढ."

सुखदानं चित्र उघडलं. आत्या पुढे वाकली. पडद्यावरची बाई मान वर करून, पदर खांद्यावर घेऊन सरळ तिच्याकडे बघत होती. आत्यानं पडद्यावरच्या गालाला बोट लावलं, मग स्वतःच्या. "अशी दिसते होय मी," ती म्हणाली. "बरी दिसते."

सुखदाला काय काय सुनावायचं होतं. भावाला, भावजयीला, नागपूरच्या न बघितलेल्या लोकांना, आणि या समोरच्या बाईलाही, जिनं आयुष्यभर हो हो म्हणून सगळ्यांना लाडावून ठेवलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असल्या जगासाठी या बाईनं भिंतीवरूनही उतरायचं? पण आत्या वाट बघत बसली होती. "मी झाकीन," सुखदा म्हणाली. "पुसणार नाही. खरवडायचं नाही असं बाबा सांगून गेले."

"रामरावांचं पोर तू. कर तुझ्या मनासारखं."

आत्याच्या सगळ्या थरांवर मिळून सुखदानं एक मास्क चढवला आणि तो काळा केला. एका क्षणात डावीकडे घाटाची पायरी उघडी पडली आणि तिच्यामागे पाणी. "नर्मदामैया छान दिसून राहिली," आत्या म्हणाली. मग थांबून, "हात राहिला गं."

राहिला होता. चिन्मयीच्या खांद्यावर चार बोटं, सावळी, पेरांवर पांढरी.

"तो चिन्मयीच्या थरावर आहे," सुखदा म्हणाली. "तो काढला तर पोरीचा खांदा जाईल."

थराचं खरं होतं, खांदा जाण्याची मात्र सरळ थाप होती. खांदा नव्यानं रंगवायला तिला चहा उकळेपर्यंतचा वेळही लागला नसता. आत्यानं मान हलवली, पदर सारखा केला आणि गेली. वहिनींनी चित्र मोबाइलवर बघितलं, डावी कड रिकामी दिसली तशी "फार छान, थँक यू" लिहून पाठवलं. एवढ्याशा पडद्यावर हाताकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. सुखदानं फाइल चिन्मयीच्या लॅपटॉपवर धाडली. गिऱ्हाइकाला देताना सगळे थर दाबून एक सपाट चित्र द्यायचं असतं. तिनं दिलं नाही. थरांसकट, मास्कसकट, जशीच्या तशी फाइल गेली. रागानं म्हणा, नाहीतर बापाच्या सवयीनं.

शनिवारी चिन्मयीच्या आग्रहानं सुखदा नेपियर टाउनला गेली. वहिनींना तिला बघून फार आनंद झाला असं नाही. दिवाणखान्यात मुलगा, त्याचे आईवडील, भय्यासाहेब. चिन्मयी आदल्या संध्याकाळी इंदूरहून आलेली. बेबी आत्या कुठे, म्हणून सुखदानं इकडेतिकडे बघितलं. ती स्वयंपाकघरात होती. पुऱ्या तळायला. बाहेर येऊ नका असं कोणी म्हटलं नसेल. तुमच्या हातच्या पुऱ्या सगळ्यांना आवडतात, असं म्हटलं असेल.

चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "बेटा, ते चित्र दाखव नं." चिन्मयीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि फाइल उघडली. भिंतीएवढ्या टीव्हीवर ग्वारीघाट आला. सगळे वा वा म्हणाले. चिन्मयी म्हणाली नाही. ती कपाळाला आठी घालून डाव्या कडेकडे बघत होती.

मुलाची आई चष्मा लावून जरा पुढे सरकली. "फारच सुंदर. पण हा हात कोणाचा हो? चिन्मयीच्या खांद्यावरचा?"

"माझाच," विनतावहिनी म्हणाल्या.

"तुमचे तर दोन्ही हात ताटाला आहेत."

भय्यासाहेबांनी रिकामा कप उचलून तोंडाला लावला. सुखदानं मनात जुळवून ठेवलेलं भाषण आता घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात चिन्मयीनं तिच्याकडे वळून बघितलं, मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या थरांच्या यादीकडे. तिथे एक छोटा काळा चौकोन होता. शिफ्टची कळ दाबून त्यावर टिचकी मारली की त्यावर लाल फुली येते आणि मास्क बंद पडतो, हे सुखदानंच तिला शिकवलं होतं.

चिन्मयीनं टिचकी मारली. लाल फुली आली, आणि बेबी आत्या आली. जांभळ्या लुगड्यात, मान वर, सगळा चेहरा उजेडात.

"ही माझी आत्या," चिन्मयी नागपूरच्या बाईंना म्हणाली. "मला हिनंच वाढवलं. अंदर है, किचन में." आणि मोठ्यानं हाक मारली, "आत्या, बाहेर ये नं. तू टीव्हीवर लागली."

वहिनी तिच्या कानाशी वाकल्या. त्यांचा आवाज कुजबुजीचाच होता, पण खोली इतकी चूप होती की सगळ्यांना ऐकू गेला. "चिन्मयी, काढ तिला. काढ म्हणते नं."

चिन्मयीचं मराठी कच्चं. समजतं सगळं, बोलताना अडखळते. त्या वेळी अडखळली नाही.

"काढलं नं, मम्मी."

स्वयंपाकघराच्या दारात आत्या येऊन उभी राहिली होती, हातात झारा. नागपूरच्या बाई एकदा टीव्हीकडे बघत होत्या, एकदा दाराकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. आत्याचा हात सवयीनं पदराकडे गेला, पण हाताला पीठ होतं, म्हणून असेल, ती थांबली. पदर खांद्यावरच राहिला.